दोनची गोळी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाचे पाय धरणार नाही. माझी मावशी तीस वर्षं नर्स होती. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला ती दारात उभं करत नसे. हे तिनंच मला सांगितलंय, आणि अर्धं तिच्या सुनेनं डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार. दुपारचे दोन.

मावशीचा गुडघा बदलून आठवडा झाला होता. पलंगाशेजारी स्टुलावर खणांची डबी, एकेका खणात एकेक वेळची गोळी. शेजारी तक्ता आणि पेन. गोळी घेतली की वेळेसमोर खूण करायची. जादा गोळ्या कपाटात, किल्ली सुनेकडे.

नियम मावशीचाच. "खूण असली की दुसरी गोळी द्यायची नाही. मी रडले-भेकले तरी. दुखायला लागलं की माणूस खोटं बोलतं, कागद बोलत नाही."

दोन वाजले. गुडघा नुसता ठणकत होता. मावशीनं डबी उघडली.

खण रिकामा...

तक्त्यावर दोनसमोर खूण होती. लांब शेपटीची, खाली टिंब असलेली. अशी खूण घरात एकटी मावशीच करायची.

"मी घेतली नाही गं!"

"आई, खूण तुमचीच आहे."

"असू दे. गोळी पोटात गेली तर मला कळणार नाही?"

सुनेनं नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "देऊ नकोस. तिनंच बजावलंय ना? गोळ्यांनी भ्रमिष्टासारखं होतं, हेही तीच सांगायची."

सून फोन ठेवून गेली. मावशी चादर दातांत धरून पडली.

आणि शेजारच्या बंद खोलीतून...

टिण्.

स्टीलच्या पेल्यावर चमचा.

टिण्. टिण्.

"कोण वाजवतंय गं?" मावशी ओरडली.

सून दारात आली, तिनं कान दिला. "कुठं काय, आई?"

ती खोली काकांची होती. मावशीचे यजमान. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हाक मारायचंही बळ नव्हतं, म्हणून उशाशी पेला आणि चमचा ठेवलेला. कळ आली की वाजवायचे. मावशी बाहेरूनच म्हणायची, "अजून वेळ झाली नाही."

वेळ झाली तरीही...

ती तक्त्यावर खूण करायची आणि गोळी मोरीत टाकायची. नाटकं करतात, असं तिचं म्हणणं. खरं म्हणजे राग होता. जन्मभर त्यांनी तिला मोलकरणीसारखं वागवलं, आणि आता ते तिच्या हातात सापडले होते.

अकराव्या दिवशी काका गेले. डॉक्टर तक्ता बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही एकही वेळ चुकवली नाहीत." मुलानं तो कागद जपून ठेवला. येईल-जाईल त्याला दाखवायचा.

बुधवारी दोनला तेच. गुरुवारीही तेच. आधी खूण, मग रिकामा खण, मग टिण्.

शुक्रवारी मुलाला सुट्टी होती. मावशीनं पेन त्याच्या खिशात ठेवलं आणि तक्ता स्वतःच्या हातात घट्ट धरून बसली. दोनसमोरची जागा कोरी होती.

टिण्.

तिनं दाराकडे पाहिलं. फक्त पाहिलं...

मान खाली केली तर खूण होती. शाई ओली. तिच्याच अंगठ्याला लागलेली.

"हे बघ," सून नवऱ्याला म्हणाली. "अंगठा बघ त्यांचा."

मुलानं खिसा चाचपला. पेन खिशातच होतं. तरी तो म्हणाला, "आई, कागद खोटं बोलत नाही."

तेव्हा मावशीचा बांध फुटला. "बोलतो रे! मी बोलायला लावलाय त्याला! तुझ्या बाबांना मी एकही गोळी दिली नाही..."

बंद खोलीतला आवाज थांबला.

मुलगा उठला. बायकोकडून किल्ली घेऊन कपाटातली गोळी आणली, आईच्या तळहातावर ठेवली आणि बाहेर गेला. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलतो.

संध्याकाळी सुनेनं बंद खोली उघडली. उशाशी काकांचा पेला होता. त्यात चार गोळ्या. मावशीच्या डबीतल्या.

आता मावशी छान चालते. रोज दोनला त्या दारापाशी पाण्याचा पेला आणि एक गोळी ठेवते. मी गेल्या महिन्यात विचारलं, "घेतात का गं?"

"पाणी संपतं," ती म्हणाली. "गोळी तशीच असते."

मला हसू येईना. तेवढ्यात आतून...

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तुलाही ऐकू आलं ना?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलले.