दोन गप्प जागांमधलं अंतर

खरं माना नाहीतर सोडून द्या, मला फरक पडत नाही. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. भुताखेतांचं सांगणाऱ्यांना आजवर मीच वेड्यात काढत आले.

आणि रात्रबित्र नव्हती. २८ ऑक्टोबर २००३, दुपारचे सव्वाबारा. मालवणजवळच्या आमच्या वाडीतली बंद पडलेली बर्फाची फॅक्टरी.

माझा दादा सत्यवान होडी घेऊन समुद्रात गेला त्याला नऊ दिवस झाले होते. मध्ये वादळ झालं. होडीची फळीसुद्धा मिळाली नाही.

दादा परतताना रोज सव्वाबाराला भोंगा वाजवायचा. तो ऐकला की त्याची बायको, आनंदीवयनी, टोपली उचलून किनाऱ्यावर जायची.

तो भोंगा आम्ही एकदा मोजला होता, फॅक्टरीच्या याच लांब शेडमध्ये. एका टोकाला भोंगा, समोर भिंत. भिंतीवरून परतणारा आवाज येणाऱ्या आवाजाला भेटतो आणि काही जागी दोघं मिळून गप्प होतात. शेजारच्या दोन गप्प जागांमधलं अंतर दुप्पट केलं, की त्या आवाजाच्या लाटेची लांबी मिळते. आमचं अंतर आलं एक्कावन्न सेंटिमीटर. दादाचा टेपवर विश्वास नव्हता. त्यानं जाळं मोजतात तसं कोपरापासून हात टेकवून मोजलं.

"एक हात नि तीन बोटां," म्हणाला. "ह्यो माझो नंबर."

त्या दुपारी आमचे थोरले काका, दाजी, म्हणाले, "उद्या दर्भाचो पुतळो जाळून क्रिया उरकूया."

वयनी उठून बाहेर गेली. मी मागोमाग. ती शेडमध्ये उभी होती.

"वर्षाली, आयकतंस?"

आधी काहीच नाही. मग...

भोंगा.

समोरचं टोक रिकामं होतं. आवाज तिथूनच येत होता.

वॉचमन गनीचाचा दाराशी बसले होते. त्यांना विचारलं.

"माका तर काय आयकाक येत नाय," ते म्हणाले.

वयनीनं माझे दोन्ही हात धरले. "मोज गो. तेचोच असलो तर तो जिवंत आसा. मी क्रिया करूक देवचंय नाय."

चाचांकडून टेप घेतला. भिंतीपासून चालत निघाले. पहिली गप्प जागा सापडली, तिथे चप्पल ठेवली.

अर्धा मीटर... आवाज.

एक मीटर... आवाज.

दोन मीटर... अजून आवाज.

सव्वादोन मीटरवर तो गप्प झाला.

पुन्हा मोजलं. सव्वादोन. पुढची जागा, तीही सव्वादोनवर. सूर मात्र दादाचाच, जराही फरक नाही.

सूर तोच असताना अंतर वाढायला एकच कारण असतं, आवाज जास्त वेगानं धावतोय. पाण्यात तो हवेपेक्षा साधारण साडेचार पट वेगानं धावतो. एक्कावन्नचे साडेचार पट करून बघा.

शेड तर कोरडी ठणठणीत होती.

"किती इला?" वयनीनं विचारलं.

तिच्या कपाळावर कुंकू होतं. माझ्याच्यानं खरं बोलवेना.

"एक हात, तीन बोटं," मी म्हणाले.

क्रिया थांबली. सहा वर्षं थांबली. रोज सव्वाबाराला वयनी टोपली घेऊन शेडमध्ये जाऊन उभी राहायची. रोज भोंगा वाजायचा. दाजी म्हणायचे, हिचं डोकं फिरलं. मी ऐकून घ्यायची.

२००९च्या ऑक्टोबरात शेडमध्ये गेले, तर वयनी जमिनीवर बसून कोपर टेकवत मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पाच हात आसत," ती म्हणाली. "शेजारच्या पोरीन, रियान, माका पुस्तक वाचून दाखवल्यान. पाण्यात आवाज कसो धावता ता."

तिनं कोपरावरची धूळ झटकली.

"सहा वर्षां तो सोडा म्हणान हाका मारता हा, वर्षाली. आणि तू तेका तळाक ठेवलंस."

दुसऱ्या दिवशी क्रिया झाली. भोंगा थांबला. वयनी माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

हा धडा मी अजून शिकवते. फक्त सव्वाबाराचा तास घेत नाही.

परवा एकटीच शेडमध्ये जाऊन आले. आवाज नव्हता. पण भिंतीपासून चालत गेले तर...

पाच-पाच हातांवर जमीन ओली होती.

पाणी खारट आहे का, ते बघायचं धाडस मला झालं नाही.