चावी आत आहे

रिमोट चावी बिघडली म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी सात जणांचा सेल संपलेला असतो, दोघांनी चावी पँटसकट धुतलेली असते आणि एक जण दुसऱ्याच कुणाच्या गाडीसमोर उभा राहून बटण दाबत असतो. चोवीस वर्षं मी हेच काम करतेय. लोक मला तोंडावर ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठीमागे ‘चावीवाली’. मला दुसरंच जास्त आवडतं.

त्यामुळे लेकीचा फोन आला, “आई, गाडीची चावी चालत नाहीये,” तेव्हा मी लगेच म्हटलं, “सेल बदल.”

“बदलला. दोनदा.”

“चावी धुतलीस का?”

“आई, मी तुझी मुलगी आहे, गिऱ्हाईक नाही.”

दुपारी तीनला ती गाडी घेऊन दुकानात आली. गाडीत मागे उजवीकडे, लहान मुलांच्या खुर्चीत माझी सात महिन्यांची नात झोपली होती. लेक नर्स आहे. रोज सकाळी बाळाला पाळणाघरात सोडून ती ड्युटीवर जाते, म्हणून तीन महिन्यांपूर्वी तिने ही करड्या रंगाची जुनी गाडी घेतली. मीच ती तपासून दिली होती. म्हणजे काही खोट निघाली तर आयुष्यभर टोमणे मलाच ऐकावे लागणार होते.

तक्रार अशी होती. या गाडीची चावी बटण न दाबताही चालते. चावी पर्समध्ये ठेवून जवळ गेलं की बाहेरचे आरसे आणि दारं उघडतात, चार पावलं लांब गेलं की दारं लॉक होतात, आरसे मिटतात. चार दिवसांपासून लेक लांब गेली तरी गाडी लॉक होत नव्हती. नुसती तीनदा वाजायची. बटण दाबलं तरी तेच.

मी मीटर लावला. दोन्ही चाव्यांचे सेल ठणठणीत होते, बटणंही ठीक होती. मग मी गाडीच्या समोरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, ‘चावी आत आहे’.

मला हसूच आलं. आत एखादी चावी राहिली असेल तर अशी गाडी लॉक होऊ देत नाही, मालक बाहेर अडकू नये म्हणून. बिघाड काही नव्हताच.

“पहिल्या मालकाची चावी सीटखाली पडली असणार,” मी म्हटलं. “तुझ्या चाव्या दे इकडे.”

दोन्ही चाव्या मी पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि झाकण घट्ट बसवलं. पत्र्याच्या डब्यातून चावीचा सिग्नल बाहेर येत नाही, म्हणून तपासताना चाव्या डब्यात आणि डबा गाडीबाहेर, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला.

‘नोंदलेल्या चाव्या : ३. सापडलेली चावी : १. जागा : मागची सीट, डावीकडे.’

“बघ, म्हटलं नव्हतं?” मी म्हणाले. लेकीने बाळाला उचलून घेतलं आणि मी सीटखाली हात घातला. एक मोजा निघाला, दोन हेअरपिना निघाल्या, बिस्किटाचा चुरा निघाला. चावी नाही. मी बोल्ट सोडवून डावीकडची अख्खी सीट बाहेर काढली आणि भिंतीला टेकवली. खालचं कार्पेट उचललं, बॅटरी मारून कोपरान् कोपरा पाहिला. उघडा पत्रा आणि धूळ, बाकी काही नाही.

चावी सीटच्या आत शिवली गेली असेल तर आता ती भिंतीपाशी असायला हवी होती. मी स्कॅनर पाहिला.

‘जागा : मागची सीट, डावीकडे.’

“वायरिंगचा घोळ आहे,” मी म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

सीट परत बसवली, तिची वायर जोडली. जोडताक्षणी समोर बेल्टचा लाल दिवा लागला. सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की तो लागतो. डावीकडच्या सीटवर काहीच नव्हतं. मी तिथे हात ठेवून पाहिला. सीट सावलीत, थंड फरशीवर अर्धा तास टेकून ठेवलेली होती. ती कोमट लागली, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

मी हात काढून घेतला. खरं सांगते, मला भीती वाटली. 

“काय झालं गं?” लेकीने विचारलं.

“कुठे काय? गुडघे दुखताहेत. वय झालं माझं.” मग उगाच विचारल्यासारखं विचारलं, “चार दिवसांत आणखी काही वेगळं वाटलं का गाडीत?”

“वेगळं असं काही नाही. फक्त ही रडत नाही गाडीत. आधी सिग्नलला थांबलं की नुसता टाहो फोडायची. आता डावीकडे मान करून गुपचूप बसते. म्हटलं, शहाणी झाली.”

“गाडी आज इथेच ठेव,” मी म्हटलं.

“आणि उद्या सहाची ड्युटी? हिला कशी नेऊ? आई, तुला जमत नसेल तर तसं सांग, मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते.”

तिथेच मी चुकले. मला जमत नाही, हे मला कुणी म्हटलेलं खपत नाही. हट्टाला पेटले आणि ठरवलं की सगळ्या चाव्या पुसून टाकायच्या. पुसल्या की हरवलेली चावी गाडीला परकी होते, मग ती कुठेही पडलेली असो. त्यानंतर लेकीच्या दोन चाव्या नव्याने नोंदवायच्या. दहा मिनिटांचं काम.

बाळ खांद्यावर किरकिर करायला लागलं होतं. लेकीने तिला परत खुर्चीत ठेवून पट्टे लावले. ठेवताक्षणी ती गप्प झाली.

मी पुढे बसून पुसण्याचं बटण दाबलं. स्कॅनरवर आकडा उतरत गेला. तीन, दोन, एक, शून्य. मग ओळ आली, ‘नवी चावी गाडीत आणा. सर्व दारं बंद ठेवा.’

डबा बाहेर बाकावर होता, नियमाप्रमाणे. तो आणायला मी उतरले आणि चोवीस वर्षांच्या सवयीने दार मागे लोटलं.

चावीची नोंद झाली की गाडी एकदाच, गोड वाजते.

मी डबा उचलला आणि मागे गाडी वाजली.

झाकण घट्टच होतं. दोन्ही चाव्या आत होत्या. काचेतून स्कॅनर दिसत होता. ‘नोंदलेल्या चाव्या : १. नोंदणी पूर्ण.’

आतून कुणी बटण दाबावं तशी चारही दारं खाडकन लॉक झाली.

लेकीने मागचं हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. “आई, उघड ना. आई!”

मी डबा उघडून दोन्ही चाव्यांची बटणं दाबली. गाडी त्यांना ओळखतच नव्हती. मीच तर पुसल्या होत्या.

इंजिन चालू झालं.

“काच फोडा!” मी शेजारच्या, गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या डेंटरला ओरडून सांगितलं. तो हातातल्या हातोड्यानिशी धावत आला. लेक काचेवर थापा मारत होती. बाळ जागं होतं. रडत नव्हतं. मान डावीकडे होती.

दुसऱ्या घावाला पुढची काच फुटली. डेंटरने आत हात घालून दार उघडलं. लेक सीटवरून मागे झेपावली, पट्टे सोडवले, बाळाला छातीशी धरून बाहेर आली. ओरखडासुद्धा नव्हता. लेक तिचे मुके घेत रडत होती. बाळ बाहेर होतं आणि मला दुसरं काही नको होतं.

मी वाकून इंजिन बंद केलं. डेंटरने दार लावलं आणि तो म्हणाला, “सेन्सर खराब असेल, मॅडम. बसा जरा, पाणी प्या.”

दोन्ही चाव्या मी परत डब्यात टाकून झाकण लावलं होतं. डबा हातात धरून मी गाडीपाशीच उभी होते.

लेक बाळाला थोपटत दुकानाकडे निघाली. एक पाऊल, दोन, तीन, चार.

माझ्या शेजारी गाडी हळूच लॉक झाली. आरसे मिटले.

“आई, येतेस ना?” म्हणत लेक दोन पावलं मागे आली.

आरसे उघडले.