बारा वाव खालचे ठोके

ऐका तर. पण मध्ये कुणी फिदीफिदी हसायचं नाही. काचुओनं हे स्वतः मला सांगितलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. बुडालेली जहाजं दाखवणारा त्याच्याइतका जुना पाणबुड्या आपल्या सगळ्या तोनोआस बेटावर नाही.

साल दोन हजार पंचवीस, सतरा फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, चंद्र उगवायला अजून अवकाश होता. ऐंशी वर्षांपूर्वी मोठ्या लढाईत शत्रूच्या विमानांनी आपल्या समुद्रात जपान्यांची जहाजं बुडवली तीही याच तारखेला. पण त्या वेळी काचुओच्या ते डोक्यातही नव्हतं.

काम साधं होतं. फेफान बेटाच्या बाजूला ते लढाऊ जहाज उलथं पडलंय ना, त्याची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या डब्याचा दोर तुटला होता. सकाळी पाहुणे येणार, म्हणून नवा दोर बांधायचा. होडीवर त्याचा मेहुणा रुफास होता.

"दाजी, आटपा लवकर. ताई नीरफणस कुटून बसलीय. उशीर झाला की शिव्या मला."

"तू खाऊनच आलायस. हनुवटीला नारळाचं दूध दिसतंय अजून."

"ते नुसतं चाखताना सांडलं हो!"

काचुओ हसत हसत पाण्यात उतरला. बारा वाव, म्हणजे सत्तरेक फूट खाली. दोर कठड्याला बांधला, गाठ ओढून पाहिली. वर निघणार, तोच...

ठक. ठक. ठक.

जहाजाच्या आतून.

पाणबुड्या अडचणीत सापडला की लोखंडावर असंच ठोकतो. तासाभरापूर्वी दुसऱ्या कुणाची तरी होडी इथं उभी होती, हे काचुओला आठवलं. माणसं मोजायला चुकले असतील तर? आत कुणी राहिलं असेल, तर त्याची हवा संपत आली असणार.

त्यानं सुरीच्या मुठीनं चार ठोके दिले.

आतून चारच आले.

म्हणजे माणूसच. तुम्ही काय केलं असतंत? वर आला असतात? काचुओ आला नाही. तो दारातून आत शिरला.

अरुंद बोळ. सगळं उलटं, जिने डोक्यावर. ठोके पुढच्या खोलीतून येत होते. तिथं गेला, तर त्याच्या पुढच्या खोलीतून. मग त्याच्याही पुढच्या. टाकीतल्या हवेचा काटा अर्ध्याखाली आला. तेवढ्यात त्याचा पाय कशाला तरी लागला आणि ऐंशी वर्षांचा गाळ उठला. बॅटरी असून नसल्यासारखी झाली.

ठोके थांबले.

वर कुठलं, खाली कुठलं, कळेना. भिंत चाचपली. दार नाही. दुसरी चाचपली. तिथंही नाही. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला...

आणि कुणीतरी त्याचा हात धरला.

उघडी बोटं. गार. पण पकड माणसाची. 'सापडला!' एवढंच त्याला वाटलं. त्यानंही घट्ट धरलं. तो हात त्याला ओढू लागला. काचुओ मागे मागे. एक वळण. आणखी एक. मग मोकळं पाणी.

गाळ सरला. काचुओनं बॅटरी मारली.

त्याची मूठ मिटलेली होती. मुठीत काही नव्हतं.

पकड मात्र तशीच.

खोलातून एकदम वर यायचं नसतं, जीव जातो. तीन वावांवर तीन मिनिटं थांबावंच लागतं. तो थांबला. तीन मिनिटं... हात धरून.

रुफासनं त्याला होडीत ओढलं. मग पुन्हा वाकून पाण्याकडे हात केला.

"दाजी... त्यांनाही घ्या ना वर."

"कुणाला?"

"बुडबुडे दोन ठिकाणी येत होते. शेजारी शेजारी. मी... मी मघापासून बघतोय."

काचुओनं आपल्या मुठीकडे पाहिलं. ती पकड आत्ता सुटली होती.

होडी एकदा डुलली. कुणी चढल्यावर डुलते तशी.

येताना दोघांपैकी एकानंही बसायच्या मधल्या फळीकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या दुसऱ्या होडीवाल्याला गाठलं. त्यांची सगळी माणसं सुखरूप परतली होती. पाद्रीबाबा येऊन प्रार्थना करून गेले. आन्सिना, त्याची बायको, म्हणाली, "आपली होडी जाळून टाका." काचुओ ऐकेना. म्हणाला, "ज्यानं मला बाहेर काढलं, त्याला मी कुठं उतरवू?"

तेव्हापासून ती होडी छपराखाली आहे. तिथं पाऊस लागत नाही, लाट पोचत नाही. बाकीच्या फळ्या सुकून तडकल्यात.

मधली आज दुपारीही ओली होती. मी बोट लावून चाखलं...

खारं होतं.