ठेंगण्या दाराची गल्ली

स्टुडिओतली वीज गेली आणि काउंटरमागे वाकलेल्या ललितच्या हातून कचऱ्याची टोपली निसटली. निगेटिव्हचे काळे तुकडे फरशीभर पसरले. त्यातला एक घसरत गेला तो थेट कुणाच्या तरी भिजलेल्या चपलेपाशी थांबला.

"काही हरवलंय का?" वरून आवाज आला.

"नाही... हे टाकाऊ आहे. मी नेहमी नेतो."

"टाकाऊच नेता? तेही नेहमी?"

ललितनं वर पाहिलं. दारातून येणाऱ्या पावसाळी उजेडात एक मुलगी उभी होती. ओढणीचं टोक पिळत होती, आणि हसू येत असूनही हसत नव्हती. तिनं तो तुकडा उचलून त्याच्या हातावर ठेवला. बोटं गार होती.

"याच्या काचा होतात," तो पुटपुटला. "ब्लीचिंगच्या पाण्यात घासलं की काळं निघून जातं. मग... खिडक्यांना लावतो."

"एवढ्याशा खिडक्या? मुंग्यांना भाड्यानं देता का घरं?"

स्टुडिओवाला मोठ्यानं हसला. "अगं, हे ललितभाऊ. बिल्डर लोकांना बिल्डिंगची मॉडेलं करून देतात. आणि घरी स्वतःसाठी जुन्या गल्ल्या करतात, पुठ्ठ्याच्या. येड लागलंय."

मुलगी आता हसली नाही. हातातलं फोटोचं पाकीट तिनं छातीशी धरलं.

"कुठल्याही गल्लीची होते?" तिनं विचारलं.

तिचं नाव उज्वला. इंदिरानगरात एका नव्या इमारतीत ती वडिलांबरोबर राहत होती. तिथं येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याआधी दही पुलाच्या अलीकडे लोणारे गल्ली म्हणून एक अरुंद बोळ होता, तिथं तिचा जन्म गेला. रस्ता मोठा करायचं ठरलं आणि बोळच राहिला नाही. पैसे मिळाले, फ्लॅट मिळाला. आई ती लहान असतानाच गेलेली. उरले होते ते अण्णा, तिचे वडील. पितळेच्या भांड्यांवर नावं घालायचा त्यांचा धंदा. छिन्नी आणि हातोडी घेऊन टिकटिक करत बसायचे, आणि अर्ध्या नाशकातल्या लग्नांची भांडी त्यांच्या हाताखालून गेली होती. फ्लॅटमध्ये आल्यापासून छिन्नी पेटीत पडून होती. हृदय कमजोर झालं होतं, बोलणं तुटत गेलं होतं. दिवेलागण झाली की खुर्चीतून उठून ते एकच म्हणायचे, "चल उज्वला, घरी जाऊ."

"रोज म्हणतात," ती म्हणाली. स्टुडिओच्या पायरीवर दोघं पाऊस ओसरायची वाट बघत होती, आणि पाऊस ओसरायचं नाव काढत नव्हता. "रोज मी सांगते, हेच घर. डॉक्टर म्हणालेत, फार दिवस धरू नका. मला एकदाच त्यांना घरी न्यायचंय... पण न्यायचं कुठं?"

ललितला पुष्कळ सांगायचं होतं. एवढं मोठं काम आपल्याला जमेल की नाही, जमलं तरी एका म्हाताऱ्या माणसाला पुठ्ठ्यात घर दिसेल का... पण तिनं फोटो पुढं केले आणि त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "एका फुटाला एक सेंटिमीटर धरू."

फोटो पाहून मात्र तो बुचकळ्यात पडला. गल्ली सोडायच्या दिवशी अण्णांनी मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं ते काढले होते. प्रत्येक दारापुढं, प्रत्येक ओट्यापुढं उज्वला उभी होती. नळापाशी उज्वला, विजेच्या खांबाला टेकून उज्वला.

"मी म्हटलं होतं, नुसती गल्ली काढा. तर म्हणाले, नुसत्या भिंतींवर रोल कशाला वाया घालवायचा? माणूस पाहिजे फोटोत."

मोजायला गल्ली उरली नव्हती. मोजपट्टी लावता येईल असं फोटोत एकच होतं. ललित घसा खाकरत राहिला.

"एक विचारू? तुमची उंची... किती?"

उज्वलानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "बघायला आलेल्यांसारखं विचारताय."

"नाही, नाही. म्हणजे — तुमच्यावरून दारं काढता येतील. खिडक्या, ओटे, सगळंच."

"म्हणजे सगळी गल्ली माझ्या मापानं?" तिनं नजर खाली वळवली. मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "पाच फूट दोन इंच."

गल्लीत ठेवायच्या मूर्तीसाठी अण्णांना त्यानं टेप लावून मोजलं. भिंतीशी उभं केलं तर ते पाच फूट आठ भरले. मुलीला टेप लावायचा धीर त्याला झाला नाही. तिनं सांगितलं तेच त्यानं धरलं.

तो पावसाळा तसाच गेला. पिरपिर थांबली नाही, भिंती घाम आल्यासारख्या ओल्या राहिल्या, पुठ्ठा फुगायचा म्हणून ललित तो इस्त्रीनं वाळवत बसायचा. गंगापूर रोडवरच्या त्याच्या एका खोलीत लोणारे गल्ली उभी राहू लागली. उदबत्तीच्या काड्यांचे गज, छत्रीच्या मोडक्या काडीचा विजेचा खांब, औषधाच्या पाकिटातल्या चांदीचे पत्रे. भिंतींना चाळलेली राख आणि डिंक. शनिवारी नोकरीवरून अर्ध्या दिवसानं सुटून उज्वला यायची, दार उघडंच ठेवून उंबऱ्यापाशी स्टूल घेऊन बसायची, आणि चुका काढायची.

"हा ओटा इतका स्वच्छ नव्हता. चतुराबाई इथं बसून दिवसभर तंबाखू मळायच्या."

"मग काय टाकू?"

"चहाची चोथा झालेली पूड टाका. आणि थोडी भांडणं."

एकदा ती वापरलेली चहापूड वाळवून पुडीत बांधून घेऊन आली. एकदा जुन्या परकराची किनार, दोरीवर वाळत घालायला. ललित तिच्याकडं बघायचा नाही. तिच्या फोटोंकडं मात्र भिंगातून तासन्‌तास बघायचा. तिच्या डाव्या भुवईत एक बारीक खूण आहे, उन्हात ती उजवा डोळा जरा जास्त मिटते... हे सगळं त्याला तोंडपाठ झालं, आणि समोर ती असली की तो डिंकाच्या बाटलीशी बोलायचा.

"तुम्ही मला फोटोत जास्त ओळखता," ती एकदा म्हणाली.

"फोटो हलत नाहीत."

"मीही कुठं हलतेय?"

यावर काय बोलायचं ते त्याला तीन दिवसांनी सुचलं. तोवर शनिवार उलटून गेला होता.

मग एका शनिवारी तिनं बराच वेळ एकही चूक काढली नाही. पिंपळगाव बसवंतहून तिची आत्या गोजराबाई येऊन राहिली होती. निफाडचं एक स्थळ आणलं होतं. द्राक्षबाग, दोन मजली घर, एकुलता एक मुलगा.

"चांगलं आहे," ललित म्हणाला.

"हो. चांगलंच आहे." ती उठली. "तुमची खिडकी वाकडी लागलीय."

खिडकी वाकडी नव्हती. तो बराच वेळ काटकोन तपासायचा गुण्या लावून बघत राहिला.

गल्ली पुरी झाली तेव्हा भाद्रपद नुकताच लागला होता. टेम्पोतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ती इंदिरानगरात आणली आणि अण्णांच्या खुर्चीपुढं टेबलावर मांडली. दारात उज्वलाची बोटाएवढी मूर्ती उभी होती, आणि ओट्यावरून घरात शिरणारे बोटाएवढे अण्णा. पांढरा सदरा, हातात पिशवी.

अण्णा वाकले. चष्मा पुसला. नळापाशी बोट नेलं, चतुराबाईंच्या ओट्यावर थबकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळू लागलं. मग बोट स्वतःच्या दारापाशी आलं. त्यांनी आपली ती छोटी मूर्ती चिमटीत धरून दारातून आत सरकवली. ती सरळ आत गेली.

अण्णांनी ती बाहेर काढली आणि पुन्हा आत सरकवली.

"हे आपलं घर नव्हे," ते म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

ललित जिना उतरला तेव्हा पाऊस होता आणि छत्री वरच राहिली होती. परत जायचा धीर झाला नाही. त्याला वाटत आलं होतं तेच खरं ठरलं होतं. ज्या बिल्डिंगी अजून झाल्याच नाहीत, त्यांची मॉडेलं चुकली तरी कुणाला कळत नाही. खरं घर करायला वेगळी माणसं लागतात. त्यानं खोलीतला डिंक, पुठ्ठा, निगेटिव्हचे तुकडे खोक्यात भरले आणि खोकं पलंगाखाली ढकललं.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली.

उज्वला उभी होती. हातात त्याची छत्री. तिनं चपला बाहेर काढल्या, आत आली, आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"मोजा," ती म्हणाली.

"काय?"

"मला मोजा. टेप आहे ना?"

ललितनं मोजपट्टी आणि टेप घेतला. त्यानं तिच्या डोक्यावर मोजपट्टी आडवी धरली, केसांवर टेकेल न टेकेल अशी. तिच्या केसांना पावसाचा आणि शिकेकाईचा वास होता. चौकटीवर पेन्सिलीची बारीक रेघ ओढली. ती बाजूला झाली. त्यानं टेप लावला, वाचला, पुन्हा लावला.

"पाच फूट."

"अर्धं सूत कमीच असेल." ती हसायला गेली, पण हसू अर्धंच आलं. "आत्यानं सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर पाच-दोन. पाच फूट म्हटलं की मुलांच्या आया पुढचं ऐकूनच घेत नाहीत. इतक्यांदा सांगितलंय की... तुम्ही विचारलंत तेव्हाही तेच तोंडात आलं. आणि खरं सांगू? तुमच्यापुढं तर मुळीच बुटकं व्हायचं नव्हतं."

ललित चौकटीवरच्या रेघेकडं बघत राहिला. डोक्यात आकडे आपसूक हलू लागले. दोन इंचांनी चुकलेली मुलगी, म्हणून चुकलेलं दार. साडेपाच फुटांचं दार त्यानं पाच-आठचं केलं होतं. आणि अण्णा पाच-आठ.

"ते दारातून वाकून जायचे," तो हळूच म्हणाला.

"सगळेच वाकायचे. जो येईल त्याला अण्णा आतून ओरडायचे, डोकं सांभाळा. पाहुणा असो, पोस्टमन असो. तुमच्या घरात ते ताठ मानेनं गेले, ललित. म्हणून ते त्यांचं घर नव्हतं." तिनं डोळे पुसले. "मला त्याच दिवशी कळलं होतं. सांगायला दोन आठवडे लागले. अण्णांनी आता अंथरूण धरलंय. गल्ली पुन्हा करायला वेळ नाही ना?"

"नाही." त्यानं पलंगाखालचं खोकं ओढलं. "घर लहान करता येणार नाही. अण्णांना वाढवू. पाच-दहा करू. मग त्यांना वाकावं लागेल."

ती स्टूल ओढून बसली. या वेळी उंबऱ्यापाशी नाही. तो तारेला मेण चढवत होता, मानेचा बाक पुन्हा पुन्हा करून बघत होता.

"मग मी?" तिनं विचारलं. "मलाही बदलाल?"

"तुम्ही गल्लीत बरोबर बसताय."

"खोट्या उंचीची?"

"गल्लीच तुमच्या मापाची आहे," ललित म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला.

संध्याकाळी दोघं इंदिरानगरात पोचली. अण्णा उशीला टेकून पडले होते. उज्वलानं टेबल पलंगाला लावलं. ललितनं नवी मूर्ती दारात ठेवली, पिशवी हातात, मान खाली, पाठीत जरासा बाक. दिवेलागण झाली होती. अण्णा नेहमीचं वाक्य म्हणतील म्हणून दोघं वाट बघत राहिली.

अण्णा बराच वेळ त्या दाराकडं बघत होते. मग उशीवरच त्यांची मान किंचित खाली झुकली. ओठ हलले.

"डोकं सांभाळा," ते म्हणाले. आणि घरी जाऊ असं त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही. पुन्हा कधीच म्हटलं नाही. नवरात्र बसायच्या आत ते गेले.

दिवसकार्य झालं. पाहुणे पांगले. वर्षाच्या आत लग्न उरकावं म्हणून गोजराबाई तेवढी मागं राहिली. निफाडची माणसं दिवाळीनंतर येणार होती. हे ललितला उज्वलानं सांगितलं नाही, स्टुडिओवाल्यानं सांगितलं. ललितनं चार दिवस ते ऐकलंच नाही असं दाखवून बघितलं. पाचव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि एकटाच इंदिरानगरचा जिना चढला.

बैठकीत गोजराबाई होती. कोपऱ्यात टेबलावर गल्ली, तिच्यापुढं समई. उज्वला आतल्या दारात उभी राहिली.

"बोला," गोजराबाई म्हणाली. "मॉडेल न्यायला आले का?"

"नाही. मी... उज्वलासाठी आलोय. म्हणजे त्यांना विचारायला. म्हणजे तुम्हाला." त्यानं शर्टाची बाही ओढून सरळ केली. "बाग नाही माझ्याकडं. एक खोली आहे. मॉडेलांचं काम आहे."

गोजराबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग भाचीकडं पाहिलं. भाची जमिनीकडं बघत होती, पण आत गेली नव्हती. गोजराबाईला तेवढं पुरलं. तिनं पदर सावरला आणि सवयीनं सुरुवात केली.

"पोरगी बी.कॉम. झालेली हाय. सैपाकाला चांगली. उंचीलाबी काय कमी नाय, पाच-दोन हाय."

जन्मभर ललितनं अर्ध्या सुताचाही फरक सोडला नव्हता. त्यानं उज्वलाकडं पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ, फोटोकडं बघावं तसं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी मोजलीय."

"मोजलीय?" गोजराबाईच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे... फोटोवरून."

आतल्या दारातून, कितीतरी दिवसांनी, दाबून धरलेलं हसू ऐकू आलं. मग त्या हसण्याचं रडू झालं. समईची वात तेवढी चुरचुरत होती.

"निफाडवाल्यांना काय सांगू आता?" गोजराबाई शेवटी म्हणाली. पण तिनं उठून चहा ठेवला होता.

तो निघाला तेव्हा उज्वला बाहेरच्या दारापर्यंत आली. जिन्यात अंधारून आलं होतं. पाऊस संपून महिना झाला होता, तरी भिंतींना अजून ओल होती. ललित उंबऱ्याच्या आतच थबकला.

"ललित," ती म्हणाली. "डोकं सांभाळा."

ते दार चांगलं सात फुटांचं होतं. ललित वाकला आणि बाहेर पडला.