उगवतवाडीची पसंती

वस्तीमन संशोधन केंद्राचं भेटदालन नाशिक महानगराबाहेरच्या एका टेकडीवर होतं. काचेच्या भिंतीपलीकडे, खाली, उगवतवाडी नावाचं उपनगर संध्याकाळचे दिवे लावून बसलं होतं. अलीकडे टेबलावर त्या उपनगरासाठी कांदेपोह्यांची बशी ठेवली होती आणि शेजारी पोहे हुंगायला एक गंधग्राहक. यात कोणालाच काही हसण्यासारखं वाटत नव्हतं, कारण निनाद आणि शर्वरी घोसाळकरांना आतापर्यंत चार उपनगरांनी नाकारलं होतं.

"पत्रिका जुळत नाही, असं एखादं उपनगर कसं म्हणू शकतं?" निनादने विचारलं.

"तोंडावर नाही म्हणायला लाजतात हो ती," केंद्रप्रमुख डॉ. इंदुमती खैरनार म्हणाल्या. "खरं सांगायचं तर त्या चौथ्याला तुमचं शिंकणं खटकलं. झोपलेली कुत्री उठतील म्हणालं."

शर्वरीला सातवा महिना लागला होता. शहरातल्या त्यांच्या एका खोलीला खिडकी होती, पण ती उघडत नसे. बाहेर झाड असल्याचं चित्र मात्र तिच्यावर छान दिसायचं. शर्वरी बालमेंदूतज्ज्ञ होती. झाडावर चढायला सांगितलं की चित्राला बोट लावणारी मुलं तिच्याकडे रोज येत. उगवतवाडीनेही नकार दिला, तर तिचं बाळ त्यांच्यातलंच एक होणार होतं.

"पण वस्तीचं हे मन तुम्ही घडवता कसं?" तिने विचारलं.

"आम्ही घडवतच नाही. दिवे, नळ, फाटकं, कारंजी, सगळीकडचे संवेदक मेंदूतल्या पेशींसारखे एकमेकांना जोडतो आणि बाजूला होतो. पुढे माणसं राहायला येतात. ती जशी वागतात, बोलतात, त्यातून वस्ती शिकते."

"म्हणजे सुरुवातीला कोरं?"

"अगदी कोरं. तान्ह्या मुलासारखं." डॉक्टर जरा थांबल्या. कौतुकाने त्यांचा आवाज हळू झाला. "मी इतकी वर्षं बघतेय. एका आजारी बाईंसाठी एका वस्तीने रस्त्यातली सगळी फाटकं आधीच उघडून ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं."

मग त्या ताठ बसल्या आणि टेबलावरच्या यंत्राचा ध्वनिग्राहक सुरू केला. "उगवतवाडी, ही घोसाळकर मंडळी."

"नमस्कार," निनाद म्हणाला. शिंक दाबल्याने त्याचे डोळे भरून आले होते. "आम्ही मूल वाढवायला आलोय."

खाली उगवतवाडीचे सगळे दिवे विझले.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "आलेल्या प्रत्येकाला बघून असंच करते. माफ करा. नकार आहे."

निनादने मुकाट्याने पोह्यांची बशी उचलली. शर्वरी मात्र काचेपाशी जाऊन अंधाराकडे बघत राहिली.

"इथे लोक राहायला येऊन किती दिवस झाले?"

"होतील तीन वर्षं. सगळी नोकरदार मंडळी. सकाळी जातात, रात्री झोपायला येतात."

"दिवसभर हिच्याशी कोण बोलतं?"



शर्वरी ध्वनिग्राहकापाशी वाकली. "अगंबाई," ती म्हणाली, "इथे एक उगवतवाडी होती. कुठे गेली बरं? निनाद, तुला दिसतेय का?"

निनादने बायकोकडे बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. कशासाठी ते त्याने विचारलं नाही. "छे. मघाशी तर होती. पळवली की काय कोणी?"

दूर पाण्याच्या टाकीवरचा एक दिवा लागला आणि लगेच विझला.

"टाकीमागे नाही ना?"

सगळे दिवे एकदम लागले. चौकातलं कारंजं दोन मजले उंच उडालं. टेबलावरच्या यंत्रातून बारीक आवाज आला, "मी इथेच होते!"

डॉ. खैरनार खुर्चीत मागे रेलल्या. "तीन वर्षं," त्या पुटपुटल्या. "आम्ही तिला नकार समजत होतो."

"तीन वर्षांच्या मुलाला वाटतं, आपण डोळे मिटले की आपण कोणाला दिसत नाही," शर्वरी म्हणाली. "नवखं माणूस आलं की लपायचं, दुसरं काय. वय अगदी बरोबर आहे. हुशार आहे हो तुमची."

"तुम्ही वाढवायला आलात?" आवाजाने विचारलं. "मला?"

निनाद खुलासा करायला पुढे झाला. शर्वरीने त्याच्या पायावर पाय दिला.

"हो," ती म्हणाली. "राहायला येऊ ना? रोज बोलू."

"या. हे पोहे माझे?"

"तुझेच."

"लिंबू पिळा."

निनादने बशी परत गंधग्राहकासमोर ठेवली आणि तिच्यातलं लिंबू पोह्यांवर पिळलं. कारंजं आणखी उंच गेलं. डॉक्टर डोळे पुसत म्हणाल्या, "पसंत आहे, असं समजायला हरकत नाही."

"आणि पोटात काय आहे?" उगवतवाडीने विचारलं.

"बाळ. तुला भावंड येणार."

खाली पुन्हा अंधार झाला. या वेळी कारंजंही बंद पडलं.

"आता लपली?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"नाही," शर्वरी म्हणाली. "आता रुसली. हेही वयाला धरूनच आहे. थांबा थोडं."

तिघंही थांबले. निनादला शेवटी शिंक आलीच. खाली सगळी कुत्री भुंकली. त्या गोंधळात कोपऱ्यावरचा एक दिवा लागला, मग त्याच्या शेजारचा.

"त्याला माझा एक दिवा देईन," उगवतवाडी म्हणाली.

"शहाणी गं माझी. कोणता?"

खाली एकेक दिवा लुकलुकून गेला. विचार चालला होता.

"जो लागत नाही, तो."