माघारी पळणारा

कोळवणच्या रस्त्यावर माणूस पळताना दिसला की त्याची एसटी चुकली असं समजायचं, ही आमच्या खोऱ्याची रीत. दुसऱ्या कशासाठी कुणी पळतं, हे इथं कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून त्या रविवारी सकाळी धुक्यातून एक घामाघूम तरुण धापा टाकत आला, तेव्हा गौतमीनं आपली स्कूटी थांबवली.

"एसटी चुकली का? बसा, पुढं सोडते."

"नाही हो..." तो जागच्या जागी पाय हलवत म्हणाला, "मी पळायलोय."

"ते दिसतंय. कुणापासून?"

तो हसला. गालाला खळी पडली — आणि गौतमीला ती नको तितकी आवडली.

"कुणापासून नाही, कुणासाठी तरी. पुण्यात मॅरेथॉन आहे." त्यानं टी-शर्टच्या छातीवरची अक्षरं दाखवली. कॅन्सरच्या रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेचं नाव होतं. "मी पळणार, लोक संस्थेला देणगी देणार. तुम्ही द्याल?"

झालं! खळीचं कौतुक तिथंच संपलं. गौतमीच्या कपाळावर आठी उमटली.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी तिच्या आईची, तुळजाबाईंची, केमो चालू असताना असाच एक गोडबोल्या गावात आला होता. हातात आजारी लेकरांचे फोटो, डोळ्यांत पाणी. गौतमीनं स्वतः त्याला घरोघरी फिरवलं, तिच्या शब्दाखातर बायांनी कनवटीचे पैसे सोडले. मग त्याचा फोन बंद झाला तो कायमचा. गावात तिला तोंडावर कुणी एक अक्षर बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. दुधानं तोंड पोळलं होतं. आता ताकसुद्धा ती फुंकूनच पिणार होती.

"बघू," एवढंच बोलून तिनं गाडीला किक मारली.

त्याचं नाव निषाद. मूळचा परभणीकडचा, हिंजवडीत नोकरी, मारुंजीत भाड्याची खोली. मारुंजीत पळायला गेलं की टेम्पो अंगावर येतात, म्हणून दर रविवारी पौडला बाइक लावून तो कोळवणपर्यंत पळत यायचा. ही सगळी माहिती गौतमीनं पुढच्या काही रविवारी काढली. लवळ्याला कॉलेजच्या ऑफिसात बसणाऱ्या या मुलीला सुट्टीच्या सकाळी एकाएकी रस्त्याकडेच्या आपल्या भातखाचराची काळजी वाटू लागली होती.

"आज पण पहारा?" तो विचारायचा.

"पहारा कसला? भात कापलंय. राखण नको?"

"कापलेलं भात घरी गेलं. मागं पेंढा राहिलाय."

"पळणाऱ्या माणसांचं काय सांगावं... पेंढाही नेतील."

तो हसत पुढं जायचा, आणि वळणापाशी एकदा मागं बघायचाच. आपण संशयापोटी उभ्या राहतो, असं गौतमी स्वतःला बजावायची. संशयी माणूस केसांत अबोली माळून उभा राहतो का, हे मात्र तिला कुणी विचारलं नाही.

एकदा तिनं सरळच विचारलं, "तुमच्या घरात कुणाला कॅन्सर झाला होता?"

त्याचं हसू मावळलं. "उशीर होतोय..." म्हणत तो निघूनच गेला. खरं असतं तर सांगितलं नसतं का? गौतमीच्या मनात पाल चुकचुकली.

तरीही त्याच्या देणगीसाठी गावात एकदा शब्द टाकून बघावा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. नेमक्या त्याच रविवारी गावातल्या कुशाबाची प्रवासी वाहणारी वडापची जीप तिच्यासमोरून गेली, आणि आत पाठीमागच्या बाकावर, खच्चून भरलेल्या माणसांत निषाद! तोच टी-शर्ट घालून. नजरानजर झाली तशी त्यानं मान खाली घातली.

पुढच्या वेळी तो दिसताच ती रस्त्यात आडवी उभी राहिली. रागात तिची कॉलेजातली भाषा गळून पडली.

"पळतो म्हणून पैसं मागता आन् जीपमधी बसून हिंडता? लाज न्हाई वाटत?"

"ऐका तरी..." तो कळवळून म्हणाला. "तुमच्या लोकांना नाही म्हणताच येत नाही हो! पळायलोय म्हटलं तरी ‘बसा की, पैसं नकोत’ म्हणतात. एकदा नाही म्हणालो, तर एक आजोबा रुसले. आमची गाडी नको व्हय, म्हणाले. म्हणून बसतो. पुढं उतरतो, आणि जिथं बसलो तिथवर माघारी येऊन तेवढं अंतर पुन्हा पळतो."

"छान! आणि हे बघायला कोण असतं?"

"कुणीच नसतं," तो म्हणाला.

लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, असं इथं म्हणतात. गौतमीनं जेवूनच बघायचं ठरवलं. पुढच्या रविवारी ती पेंढ्याच्या गंजीआड दडून बसली.

तो आला. मागून जीप आली, मैलाच्या दगडाशी थांबली. आतून बांगड्यांचा एक हात बाहेर आला आणि त्यानं निषादचं मनगट धरलं.

"आरं, बस की! किती दमलाईस!"

गौतमी चाट पडली. औषधं घेऊन पौडहून परतणारी ती तिचीच आई होती!

निषाद बसला. जीप वळणाआड गेली. रस्ता रिकामा झाला. गौतमी वाट बघू लागली. वेड्यासारखी वाट बघत होती ती. आता कुठला येतोय! मस्त चहा पीत असेल... येऊ दे रे देवा, एवढा एक खरा निघू दे.

आणि पावलं वाजली.

वळणावरून तो माघारी पळत येत होता. बघणारं कुणी नव्हतं, तरी दगडापर्यंत आला, त्याला हात लावला, आणि वळून पुन्हा कोळवणच्या दिशेनं निघाला.

"थांबा!" गौतमी गंजीआडून बाहेर आली. डोळे भरलेले.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच हात पुढं करून त्यानं तिच्या केसांतली पेंढ्याची काडी काढली.

"पेंढा चोरणारा सापडला?"

"सापडला..." ती पुटपुटली. "चुकलं माझं."

मग तो आपणहून बोलला. "माझे अप्पा. मुंबईत उपचार होते, राहायला जागा नाही. दवाखान्यासमोर फुटपाथवर झोपायचो आम्ही. या संस्थेनं खोली दिली. अप्पा वाचले नाहीत, पण गेले ते छपराखाली गेले. त्या दिवशी तुम्ही विचारलं... पळताना रडलं की श्वास लागतो हो."

गौतमीनं त्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

घरी आल्यावर ती आईवर घसरली. "त्याला जीपमधी कशाला वढतीस गं?"

तुळजाबाई नव्यानं उगवलेल्या आखूड केसांवरून हात फिरवत हसल्या. "मागल्या खेपंला काचंतनं बघितलं म्या, पोरगं माघारी पळत गेलं. आज पुन्ना बसवलं. तू येकटीच पारखतीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी गौतमी घरोघरी फिरली. गेल्या वर्षीच्याच दारांत, मान वर करून. "याची हमी माझी," म्हणाली.

मॅरेथॉनच्या दिवशी कुशाबाची जीप भरून कोळवण पुण्यात उतरलं. शेवटच्या टप्प्यात निषाद लंगडू लागला, तशी सवयीनं हाक गेलीच — "आरं, बस की!" रस्त्यावरचे सगळे हसले, आणि तो हसत हसत रेषेपार गेला.

बाहेर गौतमी स्कूटी लावून उभी होती. आज कानामागं अबोली होती, आठी नव्हती.

"बसता का?" तिनं विचारलं. "का इथंही पुढं उतरून माघारी पळायचंय?"

तो तिच्या मागं बसला. थकलेलं कपाळ क्षणभर तिच्या खांद्याला टेकलं.

"या गाडीवरून उतरायचंच नाही म्हटलं तर... चालेल?"

"आईला विचारावं लागंल," गौतमी गाडी सुरू करत म्हणाली. "पण ती तर तुम्हाला केव्हाच बसा म्हणालीय."