धुतलेली खापरं

“एवढ्या खोल खड्ड्यात झाड लावलं तर पाणी कोण घालणार?”

मी दचकून वर पाहिलं. खड्ड्याच्या काठावर तो उभा होता, हातात रोपाची पिशवी आणि ओठांवर हसू. शेजारची रोपवाटिका त्याची.

रस्ता रुंद करण्याआधी दोन्ही बाजूंना खड्डे घ्यायचे आणि जमिनीखाली जुनं काही आहे का ते बघायचं, हे माझं काम. पलीकडच्या बाजूला जुन्या वस्तीची भरपूर खापरं निघाली होती. अलीकडच्या बाजूला काहीच सापडलं नाही, तर रस्ता इकडे सरकणार... थेट त्याच्या रोपवाटिकेवरून. त्याला हे ठाऊक होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी तो माझ्या गुडघ्यांखाली घ्यायला गोणपाटाची उशी शिवून घेऊन आला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

“हे कशाला?”

“तुमचे गुडघे बघवत नाहीत.”

“म्हणजे गुडघे बघता तुम्ही माझे?”

तो कानापर्यंत लाल झाला. मला ते आवडलं — आणि आवडलं याचाच राग आला. गोड बोलून रिपोर्ट फिरवू पाहणारे मी काय कमी पाहिलेत?

तिसऱ्या दिवशी त्याच्या कुंपणालगतच्या खड्ड्यात पाच खापरं निघाली. जुनी, अस्सल. रोपवाटिका वाचणार म्हणून मला चक्क आनंद झाला! मग एक खापर उन्हात धरलं. तुटलेल्या कडेला मातीचा कणसुद्धा नव्हता. शेकडो वर्षं जमिनीत राहून इतकं स्वच्छ? पलीकडची खापरं मी स्वतः ब्रशने धुऊन रोपवाटिकेतल्या हौदाशेजारी वाळत घातली होती. जाऊन मोजली. पाच कमी.

“तुम्ही टाकलीत?”

“हो.” त्याने मान खाली घातली. “बाबांनी लावलेली झाडं आहेत हो... डोकं फिरलं माझं.”

“माझी नोकरी गेली असती!”

“ते आत्ता कळतंय.”

“आणि ती उशी? तीही रिपोर्टसाठीच?”

तो वाकून खापरं वेचू लागला. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नाही, एवढं मी सांभाळलं.

अलीकडच्या बाजूला काही सापडलं नाही, असाच रिपोर्ट लिहून पाठवला.

चार दिवसांनी तो माझ्या ऑफिसच्या दारात. भांडायला आला असणार, मी मनाची तयारी केली.

“रिपोर्ट गेला?”

“गेला. तुमच्या विरुद्ध.”

“आता त्यात काही बदलता येतं?”

“एक अक्षरही नाही. का?”

“म्हणजे आता तुमच्याकडून मला काही मिळण्यासारखं नाही. तुम्ही उशीचं विचारलंत... तेव्हा उत्तर दिलं असतं, तर विश्वास ठेवला असता?”

“नसता.”

“म्हणून आज आलो. उशी तुमच्यासाठीच होती. तुम्ही मला आवडता — फार.”

मी त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. इतकी संशयी बाई मी, पण उकरून उकरूनही त्याच्या चेहऱ्यावर मला खोटं काही सापडेना.

“बसा ना,” मी म्हणाले आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.